विमानातनं हौसासाठी

"मामा, ती सीट न्हाय, खोली हाय खोली! आईंनी दार लावून घ्यायचं आन निवांत झोपायचं," असं जावई आदर्शनं शिकागोवरनं व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तवा आधी माझं डोस्कंच फिरलं. विमानात खोली? तिला दार? आमची हयात एस्टीच्या खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरण्यात गेली. आन ह्यो पठ्ठ्या म्हणतोय, फर्स्ट क्लास हाय, पलंग मिळंल, गादी घालून देतील, वर आंघोळ बी करता यील. म्हणलं, "आंघोळीला हितं न्हाणी हाय की. त्यापायी ढगात कशाला जायाला पायजे?"

त्यो नुसता हसला. कंपनीच्या कामानं त्यो सारखा विमानातनं फिरतोय, त्येचं कसलं तरी पॉइंट साठत्यात म्हणं. ते समदं पॉइंट त्येनं सासूच्या एका तिकिटात घातलं. आमची पोरगी प्रियदर्शनी पोटुशी, दिवस भरत आलेलं, पहिलं बाळंतपण. आईबिगर कोण करणार? आन आमच्या मंडळींचं, तानाबाईचं, गुडघं असलं की बसली की उठता येत न्हाय आन उठली की बसता येत न्हाय. एवढ्या लांब पाय दुमडून गेली असती तर पोरीला बाळंतपण सोडून आईलाच शेकत बसायला लागलं असतं. म्हणून ही खोली.

"तुमी का न्हाय गेला?" असं समदी इचारत्यात. तिकीट एकच हुतं ही एक गोष्ट. दुसरी गोष्ट म्हंजे हौसा.

हौसा आमची म्हस. कोल्हापुरात गंगावेशीत आमचा दूध कट्टा हाय. सकाळ-संध्याकाळ म्हशी रस्त्याकडंला उभ्या करायच्या, गिऱ्हाईक आलं की त्येच्याम्होरं धार काढायची आन फेसासकट पेला हातात द्यायचा. पाणी घातलं का म्हणून इचारायची सोयच न्हाय. हौसा पंढरपुरी जातीची. शिंगं पाठीपतोर, रंग कुळकुळीत, आन सोभाव म्हणाल तर सासू परवडली. ह्या जातीची म्हस गिऱ्हाईक आलं की पेलाभर सोडती, थांबती, दुसरं आलं की परत पेलाभर. निस्ता नळ. पर आमच्या नळाची चावी तानाबाईच्या हातात. दुसऱ्याचा हात लागला की लाथ ठरल्याली.

त्यात ह्या बारीला व्यायली तवा तिचं रेडकू जल्मल्या जल्मल्या गेलं. रेडकाबिगर म्हस पान्हा सोडत न्हाय, कास भरून राहती पर धार उतरत न्हाय. तानाबाईनं काय केलं, तर कासंखाली बसून तिच्याशी बोलायला लागली. तासभर बोलली तवा हौसानं पान्हा सोडला. तवापासनं रोज तसंच. ही बोलणार, ती सोडणार. काय बोलती, ते मी कवा ऐकलं न्हाय. मी गिऱ्हाईकाकडं बघायचो, पेलं इसळायचो. बायकांचं आपलं कायतरी चाललंय, म्हणायचो.

जायाच्या आधी शेजारच्या कट्ट्यावरच्या बाळासोनं डोकं चालवलं. त्येची बी म्हस आमच्या बाजूलाच उभी असती, आन त्येचं तोंड म्हशीपरास जास्त चालतंय. त्यो म्हणाला, "वयनींचा आवाज फोनमधी भरून ठेवा. लावला की काम झालं." बेस म्हणलं. तानाबाई फोन म्होरं धरून बसली, पदर सारका केला, घसा खाकरला आन शाळंच्या गॅदरिंगला बोलल्यागत बोलली, "प्रिय हौसा, तू शहाण्यासारखी वाग. मालकांना त्रास देऊ नकोस. नियमितपणे दूध देत जा. तुझी, तानाबाई."

"अगं, म्हशीला पत्र लिवतीयास व्हय?" मी म्हणलं.

"परदेशाला चाललोय," ती म्हणाली, "जरा नीट नको का बोलायला?"

दुसऱ्या दिवशी पहाटंची धार काढून ती गाडीनं मुंबईला गेली. जाताना हौसाच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. मला नुसतं म्हणाली, "बीपीची गोळी येळच्या येळी घ्या." एवढंच. गाडी गेली.

संध्याकाळी कट्ट्यावर हौसाला उभी केली, फोन लावला. "प्रिय हौसा, तू शहाण्यासारखी वाग." हौसानं एक कान हलवला, माझ्याकडं बघितलं आन चरवीला अशी लाथ घातली की चरवी बाळासोच्या म्हशीखाली जाऊन पडली. गिऱ्हाईकं हसायला लागली. मी परत लावलं. परत लाथ. ह्या बारीला माझ्या मांडीवर.

"आकाराम, लुगडं नेस," बाळासो म्हणाला. गवळ्यात ही जुनी युक्ती हाय. बाईच्या हाताची म्हस असली की गडी लुगडं नेसून धारंला बसतो. लाज वाटली, पर करतो काय! घरात गेलो. म्हणलं, नेसायचंच हाय तर चांगलं नेसावं. पेटीतनं प्रियाच्या लग्नातलं काठापदराचं काढलं आन कसंबसं गुंडाळून आलो. त्येला डांबरगोळ्यांचा वास. हौसा दोनदा फुरफुरली आन तोंड फिरवून उभी राहिली. वर बाळासो मोठ्यानं, "ओ वयनी, पेलाभर घाला की आमाला!" त्येला त्येच्याच चरवीनं हाणणार हुतो, पर लुगड्यात पाय अडकला.

पहाटं डोस्क्यात उजेड पडला. तानाबाईचं धारंचं लुगडं गोठ्यातल्या खुंटीवर हुतं. शेणाचा, पेंडीचा, तिचा, समदा वास त्येला. ते नेसलो. हौसानं मला हुंगलं, चाटलं, लाथ मारली न्हाय. मला वाटलं, जमलं! सडांना हात घातला. दोन थेंब आलं आन बंद. तिनं वळून माझं तोंड बघितलं आन हंबरली. लाथ परवडली म्हणलं.

दुपारी जनावरांचं डॉक्टर विजयसिंह आलं. कासंवर हात ठेवला आन तोंड वाकडं केलं. कास दगडागत झाल्याली, गरम लागत हुती. त्ये म्हणालं, "आकाराम, संध्याकाळपर्यंत ही रिकामी झाली पाहिजे. नाहीतर कास सुजेल, सड जातील. मग ही म्हैस दुधाची राहणार नाही."

"आन न्हायच सोडलं तर?"

"तिला ज्याची सवय आहे ते माणूस आणा."

ते माणूस ढगात हुतं. बाजूला उभ्या असल्याल्या एकानं कानात सांगितलं, पान्ह्याचं इंजेक्शन मिळतंय, टोचा आन मोकळं व्हा. त्येला मी हाकललं. त्या इंजेक्शनला बंदी हाय, आन तानाबाईला कळलं असतं तर शिकागोवरनं चालत आली असती. पर खरं सांगतो, मला भ्या वाटलं. घरात मी एकटा. जेवण न्हाय, झोप न्हाय. म्हशीच्या म्होरं बसून तिच्या पाया पडलो. म्हणलं, सोड बाई, तुझ्या मालकिणीला मी काय तोंड दाखवू? म्हस ढिम्म.

संध्याकाळी कट्ट्यावर गेलो ते तसंच, धारंचं लुगडं नेसूनच. आता लाज संपली हुती. गिऱ्हाईकं पेलं घेऊन उभी. आन तेवढ्यात फोन वाजला. तानाबाईचा आवाज आलता. लिहा-वाचायचा तिला कंटाळा, पर आवाज भरून पाठवण्यात लई पटाईत. "अवो, अजून विमानातच हाय. हितल्या पोरीनं नेट लावून दिलंय. बोलायला बंदी हाय, पर आवाज जातोय म्हणली. हौसा कशी हाय?"

मी फोनमधी वरडलोच. "कशी हाय काय! सोडंना! कास दगड झालीया! डॉक्टर म्हणत्यात सड जातील! तुझं ते प्रिय हौसा घाल चुलीत, आन तू रोज बोलतीस तसं बोल तिच्याशी!"

आवाज पाठवला. आमी समदी फोनकडं बघत उभी. लई येळ कायच आलं न्हाय. मग आला. चांगला लांबलचक आलता. सुरवातीला मला म्हणाली, "फोन तिच्या कानापाशी धरा आन तुमी धारंला बसा." मी फोन बाळासोच्या हातात दिला आन कासंखाली बसलो.

"हौसा... अगं ए हौसाबाई. काय चालवलंयस गं? धन्याला छळतीयास व्हय? छळ, त्येचं कायबी न्हाय. पर सवताला तरास करून घिऊ नगं माझे बाई. दुखतंय न्हवं? मला ठावं हाय."

हौसाचं दोन्ही कान उभं राहिलं. तिनं मान वळवून बाळासोचा हात चाटला, फोन चाटला. आन माझ्या बोटाखाली कास हालली. काय सांगू तुमाला! सड भरलं, गरम झालं, आन पहिली धार चरवीच्या बुडाला अशी वाजली की गिऱ्हाईकांनी टाळ्या वाजवल्या. बाळासो वरडला, "सोडलं! सोडलं!" मी म्हणलं, "गप, मेल्या, आवाज ऐकू दे तिला."

"मी कुठं हाय सांगू? ढगाच्या वर. एका खोलीत बसलोय. दार लावलंय. दाराला कडी न्हाय, बटन हाय. भिताडाला लाकडाचं कायतरी लावलंय, आरसा हाय, दिवा हाय, बाटलीत फूल हाय. खरं हाय का म्हणून चिमटा काढून बघितला, खरंच हाय. मघाशी एक पोरगी आली, पलंग घातला, म्हणली, मौसी, सो जाओ. म्हणलं, बाई, दिसाढवळ्या झोपू कशी? कुणी बघितलं तर काय म्हणंल? तर म्हणली, कोई नहीं देखता. मग लेंगा-सदरा दिला अंगात घालायला. मी घडी घालून ठेवलाय. धन्याला हुईल. आखूड झाला तर शेण काढताना घालतील."

कट्टा हसला. मी बी हसलो. चरवी भरत हुती. जिवात जीव आलता.

"न्हाणीत बी जाऊन आलो. गरम पाणी, हौसा! खाली समिंदर आन वर मी आंघोळ करतोय. कुणी दार वाजवलं न्हाय. कुणी म्हणलं न्हाय, आटप, गिऱ्हाईक आलंय. मग ती पोरगी आली, गुडघ्यावर बसली, म्हणली, मौसी, क्या खाओगी? म्हणलं, जे असंल ते. म्हणली, जे असंल ते न्हाय, तुमाला काय आवडतंय? मी मागं बघितलं. म्हणलं, ही कुणाला इचारतीया? मागं भिताडच हुतं. हौसा, मला सांगताच येईना गं. धन्याला काय लागतंय ठावं हाय. प्रियाला काय लागतंय ठावं हाय. तुला कुठली पेंड लागती ती बी ठावं हाय. माझं मला आठवंना. ती आपली बसून वाट बघतीया. शेवटाला मी रडायलाच लागलो. ती पोरगी बी घाबरली बिचारी."

आता कुणी हसत नव्हतं. गिऱ्हाईकं पेल्यात बघायला लागली. मी खालनंच म्हणलं, "बाळासो, बंद कर." त्येनं बंद केलं. तशी माझ्या हातातली धार बारीक झाली. हौसानं पाय उचलला. अर्धी कास अजून भरल्याली, आन पान्हा मधीच तुटला तर परत सोडायची न्हाय. "चालू कर! चालू कर!" मी वरडलो.

"...तुला म्हणून सांगतो. कुणाला सांगू नगस. ह्ये विमान उतरूच नये असं वाटतंय मला. मागं परतायला बी मन न्हाय, आन म्होरं तरी काय? पोरीचं करायचं हाय, करीन, आनंदानं करीन. पर तितं गेलं की चूल, हितं आलं की चूल. ह्ये मधलंच बरं हाय. दार लावलंय आन कुणी हाक मारत न्हाय. बसलोय नुसता. येडं लागलंय म्हणशील. पर खरंच, कोल्हापूरला यायचं मनच हुईना. तू हायस म्हणून येणार बघ. तू माझ्याबिगर राहायची न्हाईस. तुझ्यासाठनं येतो."

मला राग आला. खोटं कशाला बोलू, आधी रागच आला. समदा कट्टा माझ्याकडं बघतोय, मी बायकूचं लुगडं नेसून म्हशीखाली बसलोय, आन बायकू ढगातनं सांगतीया की ती येणार म्हशीसाठी! अर्ध्या आयुष्याचा संसार केला, आन नाव निघालं म्हशीचं! इचारलं न्हाय म्हणं, काय आवडतंय. अवो, आमच्यात कोण कुणाला इचारतंय? मला तरी कुणी इचारलं? ताटात आलं ते खाल्लं. ह्ये समदं तोंडावर आलतं. पर हातात सड. सोडता येईनात. आवाज बंद करता येईना. डोळ्यातनं पाणी आलं, ते पुसायला हात मोकळा न्हाय. हौसा आपली निवांत रवंथ करत उभी, आन धार वाजतीया.

शेवटाला तानाबाई म्हणाली, "चल, ठेवतो आता. दिवा बारीक केलाय हितं समद्यांनी." आन संपलं. कास रिकामी झालती. मऊ लागली हाताला. मी उठलो. बाळासोनं फोन सदऱ्याला पुसून माझ्या हातात दिला. गिऱ्हाईकांनी दूध पिलं, पेलं ठेवलं, गेली.

पुढं काय? म्हस काय एका दिवसाची न्हाय. पहाटं परत धार. परत त्योच आवाज. माझं बोलणं तिला चालतच न्हाय, मी करून बघितलं, आन तानाबाईचा दुसरा तसला आवाज माझ्याकडं न्हाय. म्हणून त्योच. दोन्ही येळला, रस्त्यावर, समद्यांच्या म्होरं, "ढगाच्या वर एका खोलीत बसलोय, कोल्हापूरला यायचं मनच हुईना." मला पाठ झालं. बाळासोला बी पाठ झालं. ते यायला लागलं की त्यो आपला मोठ्यानं गिऱ्हाईकांशी पावसापाण्याचं, उसाचं, कारखान्याचं बोलाय लागायचा, कुणी ऐकू नये म्हणून. पर गिऱ्हाईकं काय बहिरी हैत?

तिकडं प्रियाला मुलगी झाली. दोघी बऱ्या. चार दिसांनी तानाबाईचा फोन आला, ह्या बारीला खराखुरा बोलायचा. मी कट्ट्यावरच हुतो. बाळाचं समदं सांगून झालं, नाक कुणावर गेलंय ते बी सांगून झालं. मग म्हणाली, "हौसा सोडतीया न्हवं?"

"सोडतीया. तुझा आवाज लावला की सोडतीया."

"कट्ट्यावर लावता?"

"मग काय देवळात लावू?"

ती हळू म्हणाली, "समद्यांनी ऐकलं?"

"व्हय."

"तुमी बी?"

"माझ्या हातात सड हुतं. कान झाकायला तिसरा हात कुठनं आणू?"

तिकडनं नुसता नळाचा आवाज यायला लागला, भांडी पडल्याली असतील. मी लई बोलायचं ठरवलतं. इतकं दिस रात-दिस तेच घोकत हुतो. शिव्या बी ठरवल्या हुत्या चांगल्या. ते राहिलं बाजूला, मी हौसाची पाठ खाजवत उभा राहिलो.

"मग आता रोज त्योच लावणार?" तीच म्हणाली. आवाज बारीक झालता.

"न्हाय. रोज नवा पाठव. दार लावून बस कुठंतरी, आन तिच्याशी बोलतीस तसं बोल."

"कशाला? एक पुरं हाय की तिला. म्हशीला काय कळतंय, नवा का जुना?"

"तिला न्हाय कळत," मी म्हणलं. "मला कळतंय की."